दात्याच्या पेशी रुग्णाला त्रास देतात, तर त्या आधीच काढून का टाकत नाहीत?

शेवंती

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाला अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला होता. केमोने आजार आटोक्यात आला, परंतु जनुकीय तपासणीवरून तो पुन्हा उलटण्याचा धोका मोठा दिसत असल्याने अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचे ठरले. आम्हा दोघांचे एचएलए, म्हणजे दाता जुळतो का हे ठरवणारी पेशींवरची प्रथिने, पूर्ण जुळले आणि दाता मी झाले. पाच दिवस इंजेक्शने घेतल्यावर मी यंत्राशेजारच्या खुर्चीत साडेचार तास बसून होते. एका हातातून रक्त जात होते, दुसऱ्या हातात परत येत होते आणि वर टांगलेल्या पिशवीत तांबडा, जरासा गढूळ द्रव हळूहळू साठत होता. त्याच संध्याकाळी ती पिशवी दादाला चढवली. सतराव्या दिवशी त्याचे काउंट, म्हणजे नव्या रक्तपेशींचे आकडे, यायला लागले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आज अठ्ठेचाळिसावा दिवस आहे. गेल्या आठवड्यात दादाच्या तळहातांवर आणि कानांमागे लाल पुरळ उठले. डॉक्टरांनी पाहून सांगितले, की ही जीव्हीएचडी आहे, म्हणजे दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या शरीराला परके समजून त्याच्यावर उलटल्या आहेत. अगदी पहिल्या पायरीची आहे, वरून लावायचे मलम पुरेल. आणि खोलीतून बाहेर पडता पडता ते म्हणाले, "थोडीशी असलेली बरी." या एका वाक्याने माझी झोप उडाली आहे. माझ्याच पेशी माझ्या भावाच्या अंगावर उठल्या असतील, तर त्यात बरे काय? आणि हे होऊ शकते हे आधीच ठाऊक असेल, तर पिशवीतून त्या पेशी वेगळ्या काढून फक्त रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी का दिल्या जात नाहीत? मला दोन मुले आहेत. बाळंतपण झालेल्या स्त्रीच्या पेशी पुरुषाला दिल्या तर हा त्रास जास्त होतो, असेही कोणी तरी बोलले. माझ्याऐवजी दुसरा दाता शोधायला हवा होता का? डॉक्टरांना विचारायचे धैर्य होत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

वैद्यकी

शेवंती, मी रक्तविकार विभागात काम करते. तुमच्या भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या उपचाराबद्दल बोलणार नाही. परंतु तुमचा मूळ प्रश्न इतका नेमका आहे, की या क्षेत्रातल्या लोकांनी तो १९८० च्या दशकात स्वतःलाच विचारला होता आणि तुम्ही सुचवता तेच त्यांनी करूनही पाहिले होते.

आधी त्या पिशवीविषयी. तिच्यात मूलपेशी फार थोड्या असतात, शंभरात जेमतेम एखादी. बाकी सगळी तुमच्या रक्तातली तयार फौज असते, आणि तिच्यातल्या टी पेशी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या. टी पेशीचे काम एकच, समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेले प्रथिनांचे तुकडे तपासायचे आणि अनोळखी तुकडा दिसला की ती पेशी मारायची. हे तुकडे ज्या तबकात मांडलेले असतात, ते एचएलए. भावाबहिणीचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते आणि तुमचे जुळले, म्हणजे तबके सारखी आहेत. परंतु तबकातले तुकडे सगळे सारखे नसतात, कारण तुमची बाकीची जनुके वेगवेगळी आहेत. हे किरकोळ वाटणारे फरकच तुमच्या टी पेशींना दिसतात. त्यातच प्रत्यारोपणापूर्वीच्या जबर केमोने आतड्याचे अस्तर दुखावलेले असते, तेथून जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, शरीरभर धोक्याची सूचना जाते, आणि नव्याने आलेल्या पेशी त्या गोंधळात अधिकच चवताळतात. त्वचा, आतडे आणि यकृत हीच तीन ठिकाणे सुरुवातीला का धरली जातात, हे त्यावरून थोडेफार समजते.

आता "थोडीशी असलेली बरी" याविषयी. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये बार्न्स आणि लाउटिट यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना किरणोत्सर्ग देऊन नंतर मज्जा दिली. ज्यांना स्वतःच्याच वंशाच्या, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकसारख्या उंदरांची मज्जा मिळाली, त्यांचा ल्युकेमिया परतला आणि ते मेले. ज्यांना परक्या वंशाची मिळाली, त्यांचा ल्युकेमिया परतला नाही. मात्र ते झिजून झिजून मेले. त्या झिजण्यालाच आज आपण जीव्हीएचडी म्हणतो. तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोके त्या एकाच प्रयोगात आहेत. माणसांमध्ये डॉनल थॉमस यांनी १९५७ पासून जे काम केले आणि ज्यासाठी त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात बराच काळ मज्जा म्हणजे केमोने उद्ध्वस्त झालेली जमीन पुन्हा लावण्याचे रोप अशीच समजूत होती. १९७९ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवून दिले, की ज्यांना जीव्हीएचडी झाली त्यांचा ल्युकेमिया कमी वेळा उलटला.

तरीही शंका उरत होती, आणि ती १९९० च्या एका मोठ्या विश्लेषणाने फिटली. दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात एकत्र तपासल्या गेल्या. आजार उलटण्याचे प्रमाण सर्वांत कमी कोणात, तर ज्यांना तीव्र आणि जुनाट अशा दोन्ही प्रकारची जीव्हीएचडी झाली त्यांच्यात. ज्यांना हुबेहूब जुळ्या भावंडाची मज्जा मिळाली त्यांच्यात ते जास्त होते, जरी जुळ्याची मज्जा म्हणजे एरवी कोणालाही सर्वोत्तम जुळणी वाटेल. आणि ज्यांच्या पिशवीतून टी पेशी काढल्या होत्या त्यांच्यातही ते जास्त होते, विशेषतः क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या हळू वाढणाऱ्या प्रकारात. म्हणजे केमो आजाराला खाली पाडते, परंतु उरलेसुरले निपटण्याचे काम पुष्कळदा दात्याच्या पेशी करतात.

तर टी पेशी सरसकट काढल्याने काय झाले, ते स्वच्छ आहे: जीव्हीएचडी खरोखरच कमी झाली, पण आजार जास्त उलटू लागला, दात्याची मज्जा नाकारली जाण्याचे प्रसंग वाढले कारण रुग्णाच्या उरलेल्या प्रतिकारपेशींना रोखायला समोर कोणी उरले नाही, आणि विषाणूंचे संसर्ग बळावले. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने गेले. एकूण जगण्यात फरक पडला नाही. म्हणून आज बहुतेक ठिकाणी पेशी दिल्या जातात आणि त्यांना औषधांनी लगाम घातला जातो.

तुमच्या डॉक्टरांच्या वाक्यात मात्र एक दुरुस्ती करावीशी वाटते, कारण ते वाक्य आम्ही सगळेच फार सैलपणे वापरतो. जीव्हीएचडी ही चांगली गोष्ट नाही. ती तुमच्या पेशी जाग्या असल्याची खूण आहे, एवढेच. त्याच १९९० च्या नोंदींत असेही दिसले होते, की अंगावर काहीही न उठलेल्या रुग्णांमध्येसुद्धा, टी पेशी काढलेल्या नसतील, तर आजाराला काही प्रमाणात आळा बसतो. आणि जोरदार जीव्हीएचडी झाली, तर आजार न उलटताही रुग्ण दगावू शकतो. त्यामुळे हवेहवेसे असे तिच्यात काही नाही. पहिल्या पायरीवर ती दिसली तर आम्ही तिला स्टेरॉइडच्या मोठ्या डोसाने झोडपत नाही, इतकाच त्या वाक्याचा व्यवहारातला अर्थ. जुलाब सुरू झाले, विशेषतः पाण्यासारखे, किंवा डोळे पिवळे दिसले, तर मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.

स्त्रीदात्याबद्दल तुम्ही ऐकलेत ते निराधार नाही. पुरुषाच्या पेशींवर वाय गुणसूत्रामुळे येणारी काही प्रथिने असतात, जी स्त्रीच्या टी पेशींना परकी असतात, आणि गर्भारपणात त्यांची ओळख आधीच झालेली असू शकते. अशा जोडीत जुनाट जीव्हीएचडीचे प्रमाण थोडे जास्त दिसते आणि आजार उलटण्याचे थोडे कमी. पूर्ण जुळणारे भावंड हाती असताना केवळ या कारणासाठी ते नाकारणे बहुधा कोणालाच पटले नसते. तुम्ही अपराधी वाटून घेण्यासारखे येथे काहीही नाही.

अर्धविराम

वैद्यकी यांनी शास्त्र सांगितले आहे, मी पलीकडच्या बाजूने लिहितो. माझे प्रत्यारोपण होऊन सात वर्षे झाली. दाता धाकटा भाऊ. सुरुवातीच्या शंभर दिवसांत मला काहीच झाले नाही. पुरळ नाही, जुलाब नाहीत. सगळे अभिनंदन करत होते. सातव्या महिन्यात औषधे कमी करत आणल्यावर एके सकाळी डोळे उघडेनात, पापण्या आतून वाळूने भरल्यासारख्या. मग तोंड कोरडे पडले, गालांच्या आत पांढऱ्या जाळीसारख्या रेषा उमटल्या, मनगटावरची कातडी घट्ट झाली. ही जुनाट जीव्हीएचडी. ती तीव्र प्रकाराची पुढची पायरी नव्हे, तिचा स्वभावच निराळा: आत जखमा भरून येताना जसा वण धरतो, तसे काहीसे अवयवांत होत जाते. तीन वर्षे मी गोळ्यांवर होतो, आणि आजही कृत्रिम अश्रूंची बाटली खिशात असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. शेवंती, तुमच्या दादाला दोन गोष्टी सांगा. तोंडाच्या आत काही बदल दिसला, जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागला, तर 'किरकोळ आहे' म्हणून गप्प बसू नये. फुप्फुसातली जीव्हीएचडी सुरुवातीला श्वासाच्या तपासणीतच कळते आणि उशीर झाला तर गेलेले परत येत नाही. दुसरे, उन्हापासून त्वचा जपावी, कारण उन्हाने भाजलेली त्वचा हे भडका उडायला पुरेसे निमित्त असते.

माझ्या भावालाही तुमच्यासारखेच वाटत असे. माझे डोळे लाल दिसले की तो मान खाली घाली. शेवटी मीच त्याला म्हटले, की अरे, तुझ्या पेशी माझ्या डोळ्यांवर राग काढतात हे खरे, पण ज्याच्यासाठी त्यांना बोलावले होते, त्याला त्यांनी सात वर्षांत डोके वर काढू दिलेले नाही.

शेवंती

दोघांचेही मनापासून आभार. अर्धविराम, तुमचा मजकूर मी दादाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने आरशात जीभ बाहेर काढून पाहिली.

तिसाव्या दिवसाच्या अहवालात 'कायमेरिझम १०० टक्के दाता' असे लिहिले आहे. याचा अर्थ आजार गेला असा घ्यायचा का? आणि समजा उद्या आजार उलटलाच, तर मला पुन्हा पेशी द्याव्या लागतील, असे परिचारिका म्हणाल्या. त्या वेळी मग टी पेशी मुद्दाम देतात म्हणे. हे खरे आहे का?

सूक्ष्मदर्शी

कायमेरिझमबद्दल मी सांगतो, कारण तो अहवाल आमच्याकडेच तयार होतो. माणसामाणसांत ज्या ठिकाणी डीएनएचे छोटे तुकडे कमीजास्त वेळा पुनरावृत्त झालेले असतात, ती ठिकाणे तपासून रक्तातला किती भाग तुमचा आणि किती दादाचा हे आम्ही मोजतो. आलेखावर दोघांची शिखरे वेगवेगळ्या जागी येतात. दादाची शिखरे नाहीशी होऊन फक्त तुमची उरली, की शंभर टक्के लिहितो. परंतु या चाचणीची नजर शेकड्याच्या मापाची आहे. शंभरात एखादी पेशी जुनी असेल, तर ती तिच्या हातून निसटू शकते. उरलेला आजार शोधणाऱ्या चाचण्या निराळ्या असतात आणि हजारांत किंवा लाखांत एक पेशी हुडकतात. तेव्हा शंभर टक्के म्हणजे नवी मज्जा पक्की रुजली. त्यापुढचा अर्थ त्या कागदातून काढू नये. एकदा शंभरावर गेलेला आकडा पुढच्या तपासण्यांत घसरू लागला, तर मात्र डॉक्टर लगेच सावध होतात. टी पेशींचा आकडा वेगळा काढून मागितला असेल तर तो जास्त बोलका असतो, कारण एकूण रक्त तुमचे झाले तरी रुग्णाच्या जुन्या टी पेशी काही महिने टिकून राहिलेल्या असू शकतात.

एक अवांतर, पण या धाग्याशी जवळचे. ल्युकेमियाच्या पेशी दात्याच्या टी पेशींसमोर मुकाट उभ्या राहत नाहीत. अर्धे एचएलए जुळणाऱ्या दात्याकडून, म्हणजे आई, वडील किंवा मुलांकडून केलेल्या प्रत्यारोपणांमध्ये इटलीतल्या संशोधकांना २००९ मध्ये असे आढळले, की काही रुग्णांत उलटलेल्या ल्युकेमियाने न जुळणाऱ्या बाजूचे एचएलएच टाकून दिले होते, म्हणजे टी पेशी ज्या खुणेवरून त्याला ओळखत होत्या ती खूणच पुसली होती. अशा वेळी त्याच दात्याच्या आणखी पेशी देऊन फारसे साधत नाही, दुसऱ्या बाजूने जुळणारा दाता पाहावा लागतो. पूर्ण जुळणाऱ्या भावंडांत ही युक्ती चालत नाही, कारण पुसायला वेगळी बाजूच नसते. तेथे काही ल्युकेमिया आपली तबके आत ओढून घेतात. पहिल्यांदा असा नमुना पाहिला, तेव्हा यंत्रात चूक आहे असे समजून मी तो पुन्हा लावला होता.

मधुमालती

येथे एक वेगळी बाजू नोंदवावीशी वाटते, नाही तर वाचणाऱ्या एखाद्या पालकाचा गैरसमज व्हायचा. माझ्या मुलीचे प्रत्यारोपण ल्युकेमियासाठी नव्हे, अप्लास्टिक अ‍ॅनिमियासाठी झाले. तिच्या शरीरात मारून टाकायचे असे काही नव्हते, फक्त मज्जा रिकामी होती. अशा आजारांत जीव्हीएचडीचा उपयोग शून्य, नुकसान मात्र पूर्ण, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते. म्हणून तिच्या भावाला यंत्रावर न बसवता भूल देऊन कंबरेच्या हाडातून मज्जा काढली. यंत्राने गोळा केलेल्या पिशवीत टी पेशी मज्जेपेक्षा साधारण दहापट असतात, असे कारण दिले. तेव्हा "थोडीशी असलेली बरी" हे वाक्य सगळ्यांना लागू नाही.

वैद्यकी

मधुमालती यांनी लिहिले ते अगदी योग्य, आणि माझ्या पहिल्या उत्तरात ते राहून गेले होते. मज्जा की यंत्राने गोळा केलेल्या पेशी, हा प्रश्न ल्युकेमियातही पूर्ण सुटलेला नाही. अमेरिकेत बाहेरचे, म्हणजे नात्यात नसलेले दाते घेऊन चिठ्ठ्या टाकून झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. दोन वर्षांनंतर जुनाट जीव्हीएचडी यंत्राच्या पेशी मिळालेल्यांत ५३ टक्के आणि मज्जा मिळालेल्यांत ४१ टक्के. पेशी न रुजण्याचे प्रमाण अनुक्रमे ३ आणि ९ टक्के. जगण्यात लक्षणीय फरक नाही. तरीही यंत्राचाच वापर जास्त होतो, कारण काउंट लवकर येतात आणि दात्याला भूल द्यावी लागत नाही. दात्याची सोय आणि पहिल्या महिन्यातली निश्चिंती यांना आपण जरा जास्तच वजन देतो, असे माझे मत आहे.

आता शेवंती यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. होय, हे खरे आहे. त्याला डीएलआय म्हणतात, म्हणजे दात्याच्या लिंफोसाइट पेशी नंतर वेगळ्या देणे. १९९० मध्ये जर्मनीतल्या कोल्ब यांच्या गटाने प्रत्यारोपणानंतर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया उलटलेल्या तीन रुग्णांना त्यांच्याच दात्यांच्या पेशी, इंटरफेरॉन या औषधाच्या जोडीने, दिल्या आणि दुसरे प्रत्यारोपण न करता आजार मागे हटला. दात्याच्या पेशी स्वतः ल्युकेमिया मारतात याचा इतका उघड पुरावा त्याआधी हाती आला नव्हता. त्या आजारात बहुसंख्य रुग्णांना याचा गुण येतो. तुमच्या दादाच्या प्रकारात यश बरेच कमी, कारण तो ल्युकेमिया आठवड्यांत वाढतो आणि टी पेशींना कामाला लागायला महिने लागतात. म्हणून आधी औषधांनी त्याला खाली आणून मग पेशी देतात, किंवा कायमेरिझम घसरताना दिसताच आजार उघड होण्यापूर्वीच देतात. डोस थोडा देऊन सुरुवात करतात, काही आठवडे थांबून जीव्हीएचडी होते का पाहतात, मग वाढवतात. गंमत अशी, की तीच टी पेशी पहिल्या दिवशी दिली तर जेवढी बिथरते, तेवढी सहा महिन्यांनी दिल्यावर बिथरत नाही. केमोने माजवलेला तो गोंधळ तोवर शमलेला असतो.

म्हणजे तुम्ही मांडलेला 'पेशी द्या किंवा काढा' हा प्रश्न आता 'कोणत्या पेशी, किती आणि केव्हा' असा झाला आहे. काही केंद्रे पिशवीतून सगळ्या टी पेशी न काढता फक्त अननुभवी, म्हणजे अजून कोणत्याच शत्रूशी गाठ न पडलेल्या टी पेशी काढतात. जुनाट जीव्हीएचडी त्यामुळे पुष्कळ घटते आणि विषाणूंना ओळखणाऱ्या अनुभवी पेशी मात्र रुग्णाला मिळतात. दुसरा मार्ग याहून सोपा आहे आणि मला तो फार आवडतो. पेशी सगळ्या द्यायच्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड द्यायचे. रुग्णाच्या शरीराला परके समजून ज्या टी पेशी चवताळल्या, त्या नेमक्या त्या वेळी भराभर विभागत असतात आणि त्यांनाच औषधाचा तडाखा बसतो. शांत बसलेल्या टी पेशी बऱ्याच अंशी वाचतात, आणि मूलपेशींकडे हे औषध निकामी करणारे विकर भरपूर असल्याने त्याही वाचतात. अर्धे एचएलए जुळणारे दाते आज चालतात ते मुख्यतः या युक्तीमुळे, आणि आता पूर्ण जुळणाऱ्या जोड्यांमध्येही ती वापरली जाऊ लागली आहे.

तुमच्या पुढच्या भेटीसाठी एक सुचवते. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस, जे काही चालू असेल, ते कधीपासून आणि कोणत्या वेगाने कमी करणार, हे डॉक्टरांना विचारा. तुमच्या पेशींवरचा लगाम तोच आहे. आजार उलटण्याचा धोका मोठा असलेल्या रुग्णात तो थोडा लवकर सैल करतात आणि जीव्हीएचडी दिसत असेल तर थांबतात. तुमच्या दादाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी आहेत, तेव्हा उत्तर सरळ येणार नाही, पण विचारण्यासारखे आहे. हे औषध ज्या सकाळी रक्तातली पातळी तपासायची असते, त्या सकाळी रक्त दिल्यानंतरच घ्यायचे, हेही त्याला आठवणीने सांगा; आमच्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी गोळी घेऊन येतो आणि आलेला आकडा वाया जातो.

शेवंती

दादाने आज सकाळी नेमके तेच केले होते. उद्या पुन्हा रक्त द्यायला जाणार आहोत, आणि लगाम सैल करण्याचा प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे. तळहातांचे पुरळ कालपासून फिकट होत आहे.